आधी लावणं थांबवा : नाजूक त्वचेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की ज्यांची त्वचा पटकन लाल होते, खाजते, आग होते त्यांनी प्रश्न पाठवा. खूप पत्रं आली, मेल आले, आणि वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती की जवळजवळ सगळ्यांनी "काय लावू?" असंच विचारलंय आणि माझं उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी "काय लावायचं थांबवायचं" हेच आहे. नावं छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

पुण्याहून एक मैत्रीण, वय २७, आयटीत नोकरी

"डॉक्टर, माझी स्किन आधी एकदम नॉर्मल होती. दीड वर्षापूर्वी रील्स बघून रुटीन सुरू केलं. सकाळी फोमिंग फेसवॉश, व्हिटॅमिन सी सीरम, निआसिनमाइड, रात्री ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर आणि वर रेटिनॉल, रविवारी स्क्रब. पहिले दोन महिने मस्त ग्लो आला. आता साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं, मॉइश्चरायझरने पण आग होते, नाकाच्या बाजूला सालं निघतात. आता कुठलं सीरम वापरू?"

अगं, कुठलंच नको. निदान महिनाभर तरी नको.

काय झालंय ते सांगते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, चेहऱ्यावर तर तो मिलिमीटरचा पन्नासावा-शंभरावा भाग एवढाच जाड असतो, पण बाहेरचं आत न येऊ देणं आणि आतलं पाणी बाहेर न जाऊ देणं ही दोन्ही कामं तोच करतो. चपट्या मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचं सिमेंट, असं ते बांधकाम आहे. ग्लायकोलिक ॲसिड विटा सुट्या करतं, रेटिनॉल खालच्या पेशींना घाई करायला लावतं, फेसवॉश सिमेंट धुऊन नेतं आणि स्क्रब उरलंसुरलं खरवडून काढतो. यातलं प्रत्येक प्रॉडक्ट एकेकटं वाईट नाहीये, रेटिनॉल तर मी स्वतः पेशंटना देते, पण तू सगळी एकाच भिंतीवर एकाच वेळी चालवलीस.

भिंतीला भेगा पडल्या की खालच्या, जाणीव मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसांची टोकं उघडी पडल्यासारखी होतात. ठेचा कुटल्यावर बोटांची कशी आग होते, ती मिरचीतलं कॅप्सेसिन नसेवरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे जाणीव टिपणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं म्हणून होते, आणि गरम लागलं की चटका कळतो तोही त्याच रिसेप्टरमुळे. हा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तर नाजूक झालेल्या त्वचेत अशा नसा फार लवकर पेटतात, म्हणजे ज्या गोष्टीने कुणाला काही होऊ नये त्याने पण मिरची लागल्यासारखं होतं. आणि कितीतरी वेळा वरून काहीच दिसत नाही, चेहरा अगदी साफ असतो, म्हणून घरचे म्हणतात तुझं काहीतरीच असतं. काहीतरीच नसतं ते, आग खरीच होत असते.

आता महिनाभर एवढंच कर. सकाळी फक्त साधं पाणी, गरम नाही. रात्री फेस न येणारं सौम्य क्लेंजर, ते पण तळहाताने, नॅपकिनने घासायचं नाही. साबण अजिबात नको, कारण त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि आंघोळीचा नेहमीचा साबण ९-१० चा, त्यामुळे प्रत्येक धुण्याला भिंत पुन्हा सैल होते. चेहरा टिपून थोडा ओलसर असतानाच सिरॅमाइडवालं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर. तेही चुरचुरत असेल तर पहिले आठ-दहा दिवस साधी पेट्रोलियम जेली अगदी पातळ लाव, तिच्यात पाणी, सुगंध काही नसतं त्यामुळे ती सहसा झोंबत नाही. बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, थोडं पांढरट दिसेल, दिसू दे. महिना का, तर त्वचेचा थर खालून वर यायला साधारण चार आठवडे लागतात, आठव्या दिवशी काही फरक नाही म्हणून परत सीरमची बाटली उघडू नकोस.

महिन्याने सगळं शांत झालं की एका वेळी एकच वस्तू. ती पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत, रोज दोनदा, सात दिवस लावून बघायची. तिथे काही झालं नाही तरच चेहऱ्यावर.

आणि हो, हे सगळं सोडून लिंबू-बेसनाकडे वळू नकोस. घरगुती आहे म्हणजे सेफ असं नाही, लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो आणि तो लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग पडतात जे महिनोन् महिने जात नाहीत.

सोलापूर जिल्ह्यातून, वय २६

"ताई, लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणीने एक क्रीम सांगितली, मेडिकलमध्ये मिळते. आठ दिवसात चेहरा एवढा उजळला की सगळे विचारायला लागले. आता तीन वर्षं लावते. एक दिवस नाही लावली की चेहरा लालबुंद होतो, आग आग होते, बारीक पुळ्या येतात. चुलीपुढे उभं राहवत नाही, उन्हात जाववत नाही. गालावर बारीक लाल शिरा दिसतात, हनुवटीवर केस वाढलेत. नवरा म्हणतो मग लावत जा की. काय करू?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अशा बायका माझ्या ओपीडीत रोज येतात, ओढणीने तोंड झाकून येतात आणि आधी पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवतात, शेवटपर्यंत पिळून गुंडाळी केलेली. तुम्ही ट्यूब पाठवली नाहीये तरी जे लिहिलंय त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की त्यात स्टेरॉइड आहे.

ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात बघा, नसेल वाचता येत तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एक जरी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर मिसळलेलं असेल तर ती वांगासाठीची क्रीम, डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरायची असते, रोजची फेस क्रीम म्हणून नाही.

ही क्रीम लावली की रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा फिका पडतो आणि आपल्याला वाटतं उजळला. पण महिनोन् महिने लावली की त्वचा पातळ होत जाते, शिरा दिसायला लागतात, लव वाढते, पुळ्या येतात, आणि त्वचेला तिची एवढी सवय लागते की बंद केली की त्या आकसलेल्या वाहिन्या एकदम फुगतात आणि चेहरा भडकतो. मग माणूस घाबरून परत लावतो. हे चक्र एवढं कॉमन आहे आपल्याकडे की डॉक्टरांनी त्याला वेगळं नाव दिलंय, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा अशा अर्थाचं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड क्रीम प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायच्या नाहीत असा नियम केला, तरी काउंटरवर मागितली की मिळते हे तुम्हाला माहितीये, मलाही माहितीये, आणि याचा मला मनापासून राग येतो.

आता करायचं काय. सोलापूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे त्वचारोगाच्या ओपीडीत ट्यूब घेऊन जा, लाज वाटून ती घरी ठेवून जाऊ नका. क्रीम एकदम बंद करायची की हलक्या औषधावर आणून हळूहळू सोडवायची हे चेहरा बघून ठरवावं लागतं, ते मी इथून सांगणार नाही. पण एक आधीच सांगते, पहिले काही आठवडे चेहरा आत्ताहून वाईट दिसेल. याला काही महिने पण लागू शकतात. त्या काळात गार पाण्याच्या घड्या, साधं मॉइश्चरायझर, उन्हात डोक्यावरून पदर, चुलीपासून शक्य तेवढं लांब, आणि कुणीही कितीही छान सांगितली तरी दुसरी क्रीम नाही. लालपणा, आग, पुळ्या या बऱ्याच जणींच्या बऱ्या होतात. शिरा मात्र काही वेळा राहतात.

हे पान नवऱ्याला पण वाचायला द्या, कारण चेहरा भडकलेला असताना घरातलं कुणीतरी "बंद कशाला केलीस, आधी बरी दिसत होतीस" म्हणतं आणि बाई हरते. तुमचा आधीचा रंग हा काही आजार नव्हता हो. त्याला औषध लागतच नव्हतं.

स्टेरॉइड म्हणजे विष असंही कुणी समजू नका. एक्झिमाच्या, म्हणजे खाजऱ्या इसबाच्या, भडकलेल्या चट्ट्यावर, बरोबर ताकदीचं, बरोबर दिवस लावलं तर त्याच्यासारखं औषध नाही. पण नायट्यावर ते मिसळलेल्या क्रीम सर्रास लावतात, खाज थांबते आणि नायटा खालून पसरत राहतो. ते अजिबात करू नका.

सातारा जिल्ह्यातून एक शेतकरी, वय ५५

"चार वर्षं झाली, पावसाळा सुरू झाला की पापण्या सुजतात, मान, कानामागं, कोपराच्या घडीत खाज, आता तिथली कातडी काळी आणि जाड झाली. उन्हाची ॲलर्जी सांगितली. टोपी, उपरणं घेतो, पण फरक नाही."

काका, तुमच्या पत्रात एक ओळ फार महत्त्वाची आहे, कानामागं आणि पापण्यांवर. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर जिथे सावली पडते ते भाग सहसा वाचतात, म्हणजे पापणीची घडी, हनुवटीखाली, कानामागे. तुम्हाला नेमकं तिथेच जास्त आहे, म्हणजे हवेतून काहीतरी येऊन बसतंय. बांधावर, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत आहे का बघा, काँग्रेस गवत म्हणतात ते. असणारच. आपल्याकडे याची पहिली नोंद १९५५ साली पुण्यात झाली आणि मग ते देशभर पसरलं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, वाळलेल्या पानाफुलांचा भुगा वाऱ्याने उडतो आणि अंगावर बसतो. कितीतरी वर्षं त्या गवतात काम करून काही होत नाही आणि मग एका वर्षी शरीर एकदम रागावतं, तुमचं पन्नाशीनंतर सुरू झालं यात काही नवल नाही.

खात्री करायची तर पॅच टेस्ट असते, पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. सुई नाही, दुखत नाही, फक्त तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, आणि चट्टे भडकलेले असताना ती करत नाहीत.

गवत फुलावर यायच्या आधी उपटायचं, पण ते काम तुम्ही नाही करायचं, दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून करायचं. वाळलेलं गवत झोडपत किंवा जाळत असतील तिथे थांबू नका. शेतातून आलात की आधी आंघोळ, कपडे लगेच वेगळे, आणि धुतलेले कपडे कुंपणावर वाळत घालायचे नाहीत, हे पेशंट नेहमी विसरतात आणि मग सदरा घातला की कॉलरपाशी सुरू होतं. शेवंती, सूर्यफूल याच कुळातली, त्यांनी पण काही जणांना त्रास होतो, हार-तुरे घेताना लक्ष ठेवा. एवढं करूनही थांबलं नाही तर पोटातून घ्यायची औषधं आहेत, त्यांना रक्ताच्या तपासण्या लागतात, त्वचेच्या डॉक्टरकडेच जा.

नागपूरहून, वय ४१

"टिकली लावते तिथे आधी खाज यायची, आता बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडलाय. कोड आहे का?"

टिकलीच्या मागच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं, त्याने रंग तयार करणाऱ्या पेशीच मरतात. डाग अगदी टिकलीच्या मापाचा आहे म्हणजे संशय गोंदावरच. आजपासून टिकली बंद, कुठल्याच कंपनीची नको. लवकर थांबवलं तर रंग परत येऊ शकतो, पण आपोआप येईल म्हणून वाट बघत बसू नका, काही जणींत डाग इतर ठिकाणी पण उठतात त्यामुळे एकदा दाखवून घ्या. कुंकू लावायचं असेल तर आधी हातावर आठवडाभर लावून बघा. आणि याच मापाने काळी मेंदी पण लक्षात ठेवा, लगेच काळीकुट्ट रंगते ती मेंदी नसते, त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी असतं, लग्नाच्या आदल्या दिवशी हाताला फोड आलेल्या मुली मी बघितल्यात.

रत्नागिरीहून

"पाय मुरगळला म्हणून आजीने बिब्बा लावला, दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड आले, काळं झालं. मला दरवर्षी आंबे उतरवताना पण ओठाच्या कडेला येतं. संबंध आहे का?"

आहे. बिब्बा, आंबा, काजू तिन्ही एकाच कुळातले आणि तिघांच्या चिकात, काजूच्या टरफलातल्या तेलात, एकमेकांची भावंडं शोभतील अशी द्रव्यं असतात. तुम्हाला आंब्याच्या चिकाचं येतं म्हणजे बिब्बा तुमच्यासाठी नाहीच. आजीने प्रेमाने लावला, तिच्या काळी हाताशी तेच होतं, तिला दोष देऊ नका पण पुन्हा लावू देऊ नका. फोड फोडायचे नाहीत, गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, पाणी वाहत असेल किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आंबा खायला सहसा हरकत नसते, देठाकडचा चीक धुऊन, साल काढून, फोडी करून दुसऱ्याने द्यायच्या.

ठाण्याहून एक कॉलेजची मुलगी

"माझी आई चार घरची धुणीभांडी करते. तिच्या हाताला भेगा पडून रक्त येतं, रात्री झोप लागत नाही. ती म्हणते कामच असं आहे, होणारच. ग्लोव्ज घातले तर भांडी हातातून निसटतात म्हणते. काही स्वस्तातला उपाय आहे का?"

बाळा, आईला सांग होणारच असं काही नाही. दिवसभर पाणी, भांड्याचा साबण, कपड्याची पावडर, यात वर सांगितलं तेच सिमेंट रोज धुऊन जातं, रात्री थोडं भरतं आणि सकाळी पुन्हा जातं. तिची त्वचा मुळात नाजूक नसेलही, कुणाचीही एवढ्या पाण्यात तशी होईल.

आईचे हात जरा जवळून बघ आणि मला कळव. भेगा दोन्ही हातांना सारख्या आहेत, की डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं, त्यांच्या टोकांनाच जास्त आहेत? तसं असेल तर लसूण, कारण सोलताना-चिरताना लसूण आपण त्याच बोटांत धरतो. अंगठीखाली किंवा बांगडीखाली जास्त असेल तर तिथे साबण अडकून राहतोय, नाहीतर धातूतल्या निकेलचा त्रास असेल. कामाला जाताना अंगठी काढूनच ठेवू दे.

ग्लोव्ज निसटतात ते बहुतेक मोठ्या मापाचे असतात, तिच्या मापाचे आण. आत सुती हातमोजे घालायचे, कारण नुसत्या रबरात घाम साचून अजून चिघळतं. सुती हातमोज्यांच्या दोन जोड्या लागतील, एक धुतली की दुसरी. कोमट नाही, साध्या पाण्यात काम. प्रत्येक घर झालं की हात टिपून, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा, बोटभर पेट्रोलियम जेली, छोटी डबी पिशवीत राहू दे. रात्री झोपताना जाड थर आणि वर जुने सुती मोजे, पायातले पण चालतात, सकाळपर्यंत. भेगांतून पू किंवा पिवळं पाणी येत असेल तर मात्र आधी डॉक्टर, त्याला औषधच लागतं, आणि अँटिसेप्टिक लिक्विडमध्ये हात बुडवून ठेवायचे नाहीत, त्याने जास्त सोलतात.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी अशी कुणी मावशी कामाला येते त्यांनी सिंकजवळ तिच्या मापाची एक जोडी आणून ठेवा, आजच आणा.

तू पंधरा दिवसांनी आईच्या हातांचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंनी, रात्री जेली लावायच्या आधी काढलेला.